गिअर न बदलणारी स्वयंचलित पेटी : निदान आणि दुरुस्ती

मोटारगाडी सुरू होते, पुढे चालते, वेगही घेते. परंतु इंजिनाचा आवाज चढत जातो आणि गिअर मात्र बदलत नाही. स्वयंचलित गिअरपेटी असलेल्या गाडीच्या बाबतीत ही तक्रार वारंवार ऐकू येते. तक्रार ऐकताच संपूर्ण पेटी उतरवून ती नवी बसविण्याचा सल्ला देणारे कारागीर सर्वत्र आढळतात. वास्तविक, अशा पेट्यांपैकी कित्येकींचा दोष एका फुटक्या रबरी नळीत, झिजलेल्या लहानशा दंतचक्रात किंवा केवळ कमी पडलेल्या तेलात असतो. नीट निदान न करता पेटी उघडली, तर गाडीच्या मालकाचा मोठा खर्च व्यर्थ जातो आणि मूळ कारण बाहेरच राहिल्यामुळे नवी पेटीही त्याच प्रकारे वागू लागते. म्हणून दुरुस्तीपूर्वी निदान, आणि निदानापूर्वी यंत्राच्या कार्याचे ज्ञान, हा क्रम येथे कटाक्षाने पाळला पाहिजे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट आहे. 'ऑटोमॅटिक' या एकाच नावाखाली आज निरनिराळी यंत्रे विकली जातात. भारतात २०१४ साली मारुती सेलेरिओ या गाडीबरोबर आलेली पेटी ही मुळात साधी, हाताने बदलावयाची पेटीच असून तिचा क्लच व गिअर विजेच्या आज्ञेने हलविले जातात. पट्ट्याच्या साहाय्याने चालणारी पेटी आणखी वेगळी. प्रस्तुत पुस्तिकेत ज्या पेटीचा विचार केला आहे ती द्रवदाबावर चालणारी, ग्रहमालेप्रमाणे रचलेल्या दंतचक्रांची पेटी होय. अर्ल थॉम्पसन यांच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्सने तयार केलेली अशी पहिली विपुल उत्पादनाची पेटी, 'हायड्रामॅटिक', १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी १९३९ साली बाजारात आली. विवेचनासाठी त्याच कुळातील 'टर्बो हायड्रामॅटिक ३५०' ही १९६९ च्या गाड्यांपासून बसविण्यात आलेली तीन गिअरांची पेटी घेतली आहे. तिची रचना सरळ असून तिच्यात दोष कोठे आहे हे तर्काने शोधता येते.

आज्ञा कोण देतो?

या पेटीत पहिला गिअर २.५२, दुसरा १.५२ आणि तिसरा १ या प्रमाणाचा असतो. पुढे जाताना 'फॉरवर्ड' क्लच सदैव पकडलेला राहतो. दुसऱ्या गिअरसाठी त्यात मधला क्लच मिळतो व तिसऱ्यासाठी आणखी 'डायरेक्ट' क्लचची भर पडते. म्हणजे गिअर बदलणे याचा अर्थ एवढाच की, एका क्लचच्या दट्ट्यामागे दाबाखालील तेल सोडणे. हे तेल केव्हा सोडावयाचे, हे दोन विरोधी दाबांच्या झुंजीतून ठरते. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा दाब गव्हर्नर निर्माण करतो. इंजिनावरील भाराबरोबर वाढणारा दाब मॉड्युलेटर नावाचा भाग निर्माण करतो. झडपेच्या एका टोकावर गव्हर्नरचा दाब असतो, तर दुसऱ्या टोकावर स्प्रिंगच्या जोडीला मॉड्युलेटरचा. पहिला वरचढ झाला की झडप सरकते आणि वरचा गिअर लागतो. चढावर पायाने जोर दिला असता गिअर उशिरा बदलतो आणि सपाट रस्त्यावर हलक्या पायाने लवकर बदलतो, याचे कारण हेच.

मॉड्युलेटरला इंजिनावरील भार कसा कळतो, हे पाहण्यासारखे आहे. इंजिनाच्या आदाननळीत भार कमी असताना चांगली निर्वात स्थिती असते. भार वाढला की ती नाहीशी होते. तेथून एक बारीक नळी पेटीच्या बाजूवरील डबीपर्यंत आणलेली असते आणि डबीतील पातळ पडदा या निर्वाताने ओढला जातो. नळी निसटली किंवा चिरली, तर निर्वात पोचत नाही व पेटीस असे वाटते की इंजिन सर्व शक्तीनिशी चढ चढत आहे. परिणामी ती गिअर धरून ठेवते. पडदाच फाटला, तर निर्वाताबरोबर पेटीतील तेल इंजिनात ओढले जाऊन जळते व मागील नळीतून पांढरा धूर निघू लागतो. अशा गाडीचे इंजिन खोलून नव्या कड्या बसविल्याची उदाहरणे कारागिरांच्या बोलण्यात येतात. दोष इंजिनात नव्हताच.

पेटी न उघडता

पहिली तपासणी तेलाची. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांस अडण्या लावून, हातब्रेक ओढून व पेटीचा दांडा 'पार्क' मध्ये ठेवून इंजिन मंद गतीने चालू ठेवावे, आणि तेल कामाच्या तापमानास आल्यावर मोजपट्टी पाहावी. थंड तेल पट्टीवर कमी दिसते व इंजिन बंद करून पाहिल्यास अधिक दिसते. हे दोन्ही अंदाज फसवे होत. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो. वाजवीपेक्षा जास्त असेल तर फिरती चक्रे ते घुसळून त्याचा फेस करतात. फेसात हवा असते आणि हवा दबते, म्हणून दट्ट्यास पुरेसा जोर मिळत नाही. तेलाचा वास व रंगही सांगून जातात. निरोगी तेल लाल असते. हा रंग मुद्दाम घातलेला असतो, त्यामुळे गळती पेटीची की इंजिनाची हे ओळखता येते. काळपट, जळकट वासाचे तेल क्लचचे अस्तर जळल्याची खूण आहे. दुधाळ गुलाबी तेलात पाणी शिरलेले असते, व ते बहुधा रेडिएटरमधील शीतनलिकेतून आलेले असते.

दुसरी तपासणी रस्त्यावरची, आणि सर्व निदानाचा कणा तीच आहे. येथे एकच प्रश्न विचारावयाचा : गिअर बदलण्याची आज्ञाच मिळत नाही, की आज्ञा मिळूनही ती पाळली जात नाही? आज्ञा मिळत नसेल, तर इंजिनाची गती गाडीच्या वेगाच्या प्रमाणात सरळ वाढत जाते व मध्ये काहीही घडत नाही. आज्ञा मिळत असेल पण क्लच घसरत असेल, तर एका विशिष्ट वेगास इंजिन एकाएकी मोकळे सुटल्यासारखे धावते आणि गाडी मात्र मागे राहते. पहिल्या प्रकारात गव्हर्नर, मॉड्युलेटर, त्याची नळी, ॲक्सिलरेटरला जोडलेली केबल आणि झडपा यांच्याकडे वळावे. दुसऱ्यात तेल, दाब व क्लच यांच्याकडे. हा भेद न केल्यामुळेच चांगल्या पेट्या उघडल्या जातात.

पहिल्या प्रकारात पुढील विभागणीही कठीण नाही. नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त वेगास का होईना, पण गिअर बदलत असेल तर गव्हर्नर जिवंत आहे, आणि संशय निर्वाताची नळी, मॉड्युलेटर किंवा फार ताणलेली केबल यांवर येतो. कोणत्याही वेगास बदलत नसेल, तर गव्हर्नर प्रथम पाहावा. दुसरा गिअर लागतो पण तिसरा लागत नाही, अशी स्थिती असेल तर गव्हर्नर बहुतांशी निर्दोष समजावा. मग मागे जाण्याचा गिअर तपासावा. या पेटीत 'डायरेक्ट' क्लच तिसऱ्या गिअरला तसाच मागे जाण्यालाही लागतो. मागे जाणे नीट होत असेल तर क्लच जळालेला नसण्याचा संभव अधिक व दोन-तीनची झडप अडकल्याचा संशय बळावतो. तथापि मागे जाताना तेलाचा दाब मुद्दाम वाढविलेला असतो, त्यामुळे अर्धवट झिजलेला क्लचही त्या वेळी पकडून जातो, हे विसरता कामा नये.

तापमानाचा दाखलाही उपयोगी पडतो. सकाळी गार असताना तिसरा गिअर लागत नाही व अर्ध्या तासाने लागतो, असे असेल तर दट्ट्याभोवतीची रबरी सील वयाने कडक झाली आहेत. उलट, गार असताना सर्व ठीक आणि तापल्यावर बिघाड, असे असेल तर पातळ झालेले तेल झिजलेल्या पंपातून किंवा झडपांच्या वाढलेल्या फटींतून निसटत आहे.

यानंतर दाबमापक. पेटीच्या बाजूचे पेच-बूच काढून तेथे चौरस इंचास ३०० पौंडांपर्यंतचा मापक जोडावा. निर्वाताची नळी काढताच दाब स्पष्टपणे वाढला पाहिजे व जोडताच उतरला पाहिजे. वाढत नसेल तर मॉड्युलेटरची झडप अडकली आहे. निरनिराळ्या दांड्यांवरील दाबाचे आकडे त्या त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावेत. एका गाडीचे आकडे दुसरीला लावणे धोक्याचे असते.

दुरुस्ती

गव्हर्नर काढण्यासाठी पेटी उतरवावी लागत नाही. त्याचे पत्र्याचे झाकण तारेच्या कडीने धरलेले असते. ते काढताच गव्हर्नर हातात येतो. त्याच्या टोकाचे नायलॉनचे दंतचक्र बाहेर जाणाऱ्या दांड्यावरील दात्यांनी फिरते. दाते तुटलेले किंवा सपाट झालेले आढळले की पहिल्या गिअरमध्येच अडकण्याचा उलगडा होतो. नवे चक्र बसविणे अल्प खर्चाचे काम आहे; परंतु ते का झिजले हेही पाहावे. गव्हर्नर आपल्या भोकात घट्ट बसत असेल तर नवे दातेही टिकणार नाहीत. वजने बोटाने हलवून मोकळी आहेत याची खात्री करावी.

झडपांचा ठोकळा तेलपात्र काढल्यावर खालून दिसतो. तेथे स्वच्छतेचे महत्त्व शस्त्रक्रियेच्या खोलीइतके आहे. क्लचच्या अस्तराची भुकटी केसाएवढ्या फटीत बसली तरी झडप अडकते. प्रत्येक झडप काढून ती ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने मांडावी, विद्रावकाने धुऊन कोरड्या हवेने वाळवावी. फडक्याने पुसू नये, कारण त्याचे तंतू आत राहतात. कोरडी झडप ठोकळा तिरपा करताच स्वतःच्या वजनाने घसरली पाहिजे. ओरखडा असल्यास अतिसूक्ष्म पॉलिशकापडाने हलकेच घासावे, मात्र झडपेच्या धारदार कडा गोल करू नयेत. त्या कडाच घाण खरवडून दूर ठेवतात. ठोकळ्यामागील पोलादी गोळ्यांची जागा काढण्यापूर्वीच टिपून ठेवावी.

ठोकळा काढलेला असतानाच एक चाचणी करून घ्यावी. प्रत्येक क्लचच्या तेलमार्गात चौरस इंचास ३० ते ४० पौंडांची कोरडी हवा सोडली असता आत 'ठप्' असा आवाज आला तर दट्ट्या सरकला; नुसती फुसफुस ऐकू आली तर सील फाटले आहे. डोळ्यांवर चष्मा घालूनच ही चाचणी करावी. एवढे करूनही दोष क्लचमध्येच ठरला, तर मात्र पेटी उतरविणे अटळ आहे. तेव्हा नवी अस्तरे बसविण्यापूर्वी तेलात भिजवावी आणि शीतनलिका आतून धुवावी. अन्यथा जुन्या पेटीची भुकटी नव्या अस्तरांत परत येते.

नंतरच्या पेट्यांत गव्हर्नरचे काम वेगमापक संवेदक करतो, मॉड्युलेटरचे काम थ्रॉटलवरील संवेदक करतो आणि झडपा विद्युत्चुंबकी सोलेनॉइड हलवितात. १९९३ सालापासूनच्या '४एल६०-ई' या पेटीत पुढे जाण्याच्या दांड्यावर दोन्ही सोलेनॉइडांचा वीजपुरवठा तुटला असता ती तिसऱ्या गिअरमध्येच राहते. म्हणून गाडी जड निघते व गिअर बदलत नाही. येथे प्रथम फ्यूज, मग पेटीवरील जोडणीत गंज किंवा तेल शिरले आहे काय ते, व त्यानंतर सोलेनॉइडचा रोध पाहावा. तो सामान्यतः २० ते ३० ओहमच्या आसपास असतो. संगणकाने नोंदविलेला संकेतांक केवळ मंडळ दाखवितो, भाग नव्हे.

निदान होईपर्यंत गाडी पहिल्या गिअरमध्येच लांबवर चालवू नये. इंजिन तापते व पेटीही. ती ओढून न्यावयाची झाल्यास मागील चाके जमिनीवरून उचललेली असावीत. 'टर्बो हायड्रामॅटिक ३५०' मधील पंप इंजिनानेच फिरतो. इंजिन बंद असता चाकांबरोबर पेटी फिरली, तर तिला तेलाचा थेंबही मिळत नाही.