जुन्या मोटारीची ॲलॉय चाके : रंगाआधी तपासणी

मोटार जुनी झाली म्हणजे तिच्या अंगावरील रंगाबरोबर चाकांची कळाही उतरू लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये खाजगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी असते व त्यानंतर तिचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. असा टप्पा जवळ आला की मालक मोटारीची डागडुजी व रंगरंगोटी करून घेतो. त्या ओघात ॲलॉयची चाकेही रंगविली जातात. तथापि, चाक हे केवळ शोभेचे अंग नव्हे. वाहनाचा सारा भार आणि प्रवाशांचा जीव त्यावर अवलंबून असतो. म्हणूनच हे काम करण्याची शास्त्रशुद्ध रीत मालक आणि कारागीर या दोघांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

चाकाची धातू

ओतीव ॲल्युमिनियमची चाके मोटारींना नवी नाहीत. बुगाटी कंपनीने १९२४ मध्ये आपल्या ‘टाइप ३५’ या शर्यतीच्या मोटारीला अशी चाके बसविली होती. आजची बहुतेक ॲलॉय चाके ॲल्युमिनियममध्ये सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि अल्प प्रमाणात मॅग्नेशियम मिसळून ओतलेली असतात. सिलिकॉनमुळे रस साच्यात सुलभपणे पसरतो, तर मॅग्नेशियममुळे पुढील उष्णतोपचारात धातूला बळकटी येते. या उपचारात चाक प्रथम सुमारे ५४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात थंड करतात आणि नंतर सुमारे १५० ते १६० अंशांवर काही तास ठेवतात. चाकाचे बळ हे असे मोजून दिलेल्या उष्णतेतून आलेले असते. गॅसच्या ज्योतीने बेसुमार तापविल्यास ते नाहीसे होते.

चाक खराब का होते?

ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबूस गंज चढत नाही. हवेच्या संपर्काने त्यावर ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो आणि तोच धातूचे रक्षण करतो. परंतु मीठ, आम्ल आणि अल्कली यांच्यापुढे हा थर टिकत नाही. कोकणपट्टीतील खारी हवा रंगाच्या बारीकशा ओरखड्यातून आत शिरते. मग रंगाखाली पांढुरकी भुकटी धरते आणि पापुद्रे सुटू लागतात. ब्रेकमधून उडणारी लोहमिश्रित धूळही चाकावर चिकटून बसते. ती काढण्यासाठी काही ठिकाणी तीव्र ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा वापरतात. त्याने चाक क्षणभर लखलखते खरे, पण धातू खाल्ली जाते. सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश हाच धुण्याचा निर्धोक उपाय होय.

तपासणीची संधी

रंगकामासाठी टायर उतरवून जुना रंग काढला जातो, तेव्हा अनेक वर्षांनी चाकाची उघडी धातू दृष्टीस पडते. ही संधी दवडू नये. खड्ड्यात आदळल्याने पडणारी चीर बहुधा रिमच्या आतील कडेला असते आणि ती बाहेरून दिसत नाही. टायर पंक्चर नसतानाही हवा हळूहळू कमी होत असेल, तर अशा चिरेची शंका घ्यावी. शंकास्पद भाग स्वच्छ करून त्यावर लाल वेधक द्रव लावतात. काही वेळाने तो पुसून घेऊन पांढऱ्या भुकटीचा फवारा देतात. चीर असल्यास तिच्यात मुरलेला द्रव बाहेर येऊन लाल रेघ उमटते. चीर गेलेले अथवा वाकलेले चाक लांबी भरून रंगविणे म्हणजे दोष झाकून अपघाताला आमंत्रण देणे होय. असे चाक बदलणेच श्रेयस्कर ठरते.

रंगकामाची रीत

तपासणीत निर्दोष ठरलेले चाकच रंगासाठी घ्यावे. प्रथम तेलकटपणा संपूर्ण काढावा. घासण्यासाठी लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये, कारण त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून पुढे तेथूनच खराबी सुरू होते. जाड पॉलिश पेपरपासून आरंभ करून क्रमाने बारीक पेपर वापरावा. फुटपाथला घासून पडलेले वरवरचे ओरखडे तेवढे लांबीने भरावेत. नंतर ॲल्युमिनियमवर धरणारा प्रायमर, त्यावर मूळ रंग आणि शेवटी पारदर्शक लॅकर असे पातळ थर द्यावेत. प्रत्येक थर पुरता सुकू द्यावा. दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते, म्हणून पावसाळा टाळून कोरड्या दिवसांत हे काम काढणे हितावह असते. पावडर कोटिंग करावयाचे असल्यास भट्टीचे तापमान आणि वेळ यांची ठरलेली मर्यादा ओलांडू नये.

चाक मोटारीला जेथे टेकते तो पृष्ठभाग आणि नट बसण्याच्या जागा मात्र रंगवू नयेत. तेथे रंगाचा जाड थर राहिला तर चालत्या वाहनात तो दबतो आणि घट्ट आवळलेले नट सैल पडतात. टायर बसवल्यावर चाकाचे बॅलन्सिंग पुन्हा करून घ्यावे. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. त्यासाठी टॉर्क पाना वापरून उत्पादकाने दिलेले माप पाळावे. ५० ते १०० किलोमीटर धावल्यानंतर ते पुन्हा तपासावेत.

कारागिराचे आरोग्य

या कामात ग्राहकाच्या सुरक्षिततेइतकेच कारागिराचे आरोग्यही मोलाचे आहे. दोन घटक मिसळून तयार होणाऱ्या लॅकरमध्ये बहुधा आयसोसायनेट असतात. त्यांच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो. नाकाला रुमाल बांधल्याने हा धोका टळत नाही. बंद गाळ्यात फवारणी करू नये. हवा खेचून घेणारा पंखा, योग्य श्वसन-मुखवटा, हातमोजे आणि चष्मा यांवरील खर्च हा धंद्याच्या भांडवलाचाच भाग मानला पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षणाच्या व्यवसायांत मोटारीच्या बॉडीच्या रंगकामाचाही समावेश आहे. या क्षेत्रात स्वयंरोजगार करू इच्छिणाऱ्या तरुणांनी रीतसर शिक्षण घेतल्यास कामाला दर्जा येईल आणि स्वतःचे रक्षणही होईल.

चाकाचा रंग काही वर्षांनी पुन्हा उडेल आणि पुन्हा देताही येईल. परंतु रंगाखाली झाकलेली चीर मात्र भर रस्त्यात प्रकट होते. म्हणून मालकाने चाके रंगवावयास देताना ‘रंग कोणता देणार’ असे विचारण्यापूर्वी ‘तपासणी कशी करणार’ असे विचारावे, आणि कारागिरानेही त्या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे.