चूक कोठे आहे?

काश्मीरमध्ये गुलमर्ग नावाचे ठिकाण आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथील उतार बर्फाने झाकले जातात. पायांना 'स्की' नावाच्या लांब, चपट्या पट्ट्या लावून लोक या उतारांवरून घसरत जातात. या खेळाला स्कीइंग म्हणतात.

हा खेळ शिकताना बहुतेकांकडून एक चूक होते. समोरचा उतार पाहून भीती वाटते आणि शरीर आपोआप मागे झुकते. आता आपण सुरक्षित आहोत, असे वाटते; पण घडते उलटेच! शरीराचा भार टाचांवर जातो. स्कींचा पुढचा भाग बर्फावर नीट दाबला जात नाही. मग वळता येत नाही, वेग आवरत नाही आणि शिकणारा पडतो. कधी गुडघ्यालाही इजा होते.

अशा वेळी "नीट वळ" एवढेच सांगून भागत नाही. वळण चुकले हे खरे. पण चुकीचे मूळ वळणात नसते. म्हणून चांगला शिक्षक आधी बारकाईने पाहतो. हात मागे गेले आहेत काय? नजर पायांकडे आहे काय? नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकली आहे काय? टेकली नसेल, तर भार मागे आहे हे तो ओळखतो.

मग तो मुलाला कमी उताराच्या जागी नेतो. तेथे भीती कमी वाटते. "घोटे आणि गुडघे थोडे वाकव. नडगी बुटाला टेकव. हात आणि नजर पुढे ठेव," असे तो सांगतो. मात्र एका वेळी एकच गोष्ट! ती जमली की दुसरी.

गुलमर्गच्याच उतारांवर आरिफ खान लहानपणी स्कीइंग शिकले. २०२२ साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ते भारताचे एकमेव खेळाडू होते. जायंट स्लॅलम या शर्यतीत त्यांनी ४५ वा क्रमांक मिळवला. या शर्यतीत रोवलेल्या खांबांमधून वेगाने वळणे घेत खाली यावे लागते. म्हणजे सारा खेळ वळणांचाच!

मुलांनो, चूक दिसते एकीकडे आणि तिचे मूळ असते दुसरीकडे. मूळ सापडले, की चूक सुधारणे सोपे जाते.

स्वाध्याय
१. शिकणारा मागे का झुकतो? त्यामुळे काय होते?
२. शिक्षक कोणत्या तीन गोष्टी पाहतो?
३. तुमच्या आवडत्या खेळातील एक चूक व तिचे कारण पाच ओळींत लिहा.