घटक ४ : माध्यमिक स्तरावरील प्रथम भाषेच्या अध्यापनाची उद्दिष्टे – ‘इंग्लिश लँग्वेज आर्ट्स’ या विषयाच्या आधारे

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला,
• ध्येय, उद्दिष्ट आणि अध्ययन निष्पत्ती यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करता येईल.
• भाषा-अध्यापनाकडे पाहण्याच्या तीन भूमिका सांगता येतील.
• अमेरिकेतील २०१० च्या उद्दिष्टांची मांडणी आणि त्यांतील इयत्तेनुसार येणारी चढण विशद करता येईल.
• एखाद्या मोघम उद्दिष्टाचे नेमक्या उद्दिष्टात रूपांतर करता येईल.
• भाषाशिक्षणाच्या ज्या भागाचे मोजमाप होत नाही, त्याविषयी आपल्या मनात आस्था निर्माण होईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, वरील पाच वाक्ये आपण कदाचित नुसती नजरेखालून घातली असतील. प्रत्येक घटकाच्या आरंभी अशी वाक्ये येतात आणि वाचक ती ओलांडून पुढे जातो. शिकवणाऱ्यांचेही फारसे वेगळे नसते. प्रस्तुत लेखकाने अध्यापनाच्या पहिल्या काही वर्षांत पाठटाचणाच्या वरच्या रकान्यात ‘विद्यार्थ्यांना भाषासौंदर्याचा आस्वाद घेण्यास शिकवणे’ हे एकच वाक्य कवितेपासून वैचारिक लेखापर्यंत सर्व पाठांसाठी लिहिले आहे. त्या वाक्याने एकाही तासाचे अध्यापन बदलले नाही. जे वाक्य कोठेही चालते, ते कोठेच उपयोगी पडत नाही, हे ध्यानात यायला बराच काळ जावा लागला.

या घटकात आपण उद्दिष्टांचा विचार एका परक्या उदाहरणाच्या आधारे करणार आहोत. आपल्या शाळेत प्रथम भाषा म्हणून मराठीचे जे स्थान आहे, तेच स्थान अमेरिकेतील शाळेत ‘इंग्लिश लँग्वेज आर्ट्स’ या विषयाचे आहे. परकी भाषा शिकवणे हा त्याचा हेतू नाही. ज्या भाषेत मूल बोलते, त्याच भाषेत नीट वाचणे, लिहिणे, बोलणे आणि विचार करणे यांसाठी तो विषय आहे. जी भाषा विद्यार्थ्याला ‘येतेच’, तिच्या तासाला नेमके काय शिकवायचे, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकालाही पडतो. म्हणून हे उदाहरण आपल्या कामाचे आहे.

४.३ ध्येय, उद्दिष्ट आणि निष्पत्ती

हे तीन शब्द व्यवहारात एकमेकांऐवजी वापरले जातात. शिक्षणशास्त्रात मात्र त्यांची कक्षा वेगवेगळी आहे.

ध्येय दूरचे असते. ‘विचारी वाचक घडवणे’ हे ध्येय आहे. ते अनेक वर्षांच्या शिक्षणाला दिशा देते, पण मंगळवारच्या तिसऱ्या तासाला काय करायचे हे ते सांगत नाही. उद्दिष्ट हे त्या दिशेने टाकायचे एक निश्चित पाऊल असते. ते एका पाठापुरते किंवा घटकापुरते ठरवलेले असते. अध्ययन निष्पत्ती म्हणजे त्या पावलानंतर विद्यार्थी प्रत्यक्षात काय करून दाखवतो, त्याचे विधान.

राल्फ टायलर या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. शिक्षक काय करणार याचे वर्णन किंवा शिकवायच्या प्रकरणांची यादी म्हणजे उद्दिष्ट नव्हे. विद्यार्थ्यात कोणता बदल व्हावा, हे उद्दिष्टाने सांगितले पाहिजे. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोधात्मक उद्दिष्टांचे ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन असे सहा स्तर मांडले. पुढे १९६२ मध्ये रॉबर्ट मेगर यांनी नेमक्या उद्दिष्टाची तीन अंगे सांगितली : विद्यार्थ्याची दिसू शकणारी कृती, ती कोणत्या परिस्थितीत व्हावी, आणि ती पुरेशी झाली हे ठरवण्याचा निकष.

पुढील दोन वाक्यांची तुलना करा.

(अ) विद्यार्थ्यांना कथेचे आकलन होईल.
(आ) पूर्वी न वाचलेली दोन पानांची कथा दिली असता, तिच्यातील निवेदकावर कितपत विश्वास ठेवावा याविषयी विद्यार्थी आपले मत मांडेल आणि त्यासाठी कथेतील किमान दोन स्थळांचा आधार देईल.

पहिल्या वाक्यातील ‘आकलन’ झाले की नाही, हे कोणी आणि कसे ठरवायचे? दुसऱ्या वाक्यात मेगर यांची तिन्ही अंगे आहेत. शिवाय त्यात शिक्षकासाठी एक सूचनाही दडलेली आहे : निवेदक आणि लेखक यांतील भेद आधी शिकवावा लागेल. चांगले उद्दिष्ट अध्यापनाला असे कामाला लावते.

४.४ तीन भूमिका

अमेरिकेत माध्यमिक शाळेच्या अभ्यासक्रमाचा विचार करण्यासाठी १८९२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली दहा जणांची समिती नेमली गेली. तिच्या अहवालात इंग्रजीच्या अध्यापनाचे मुख्य हेतू दोन मानले गेले : इतरांचे विचार समजून घेता येणे व स्वतःचे विचार व्यक्त करता येणे हा पहिला, आणि वाचनाची अभिरुची निर्माण करून चांगल्या साहित्याचा परिचय घडवणे हा दुसरा. कौशल्य आणि साहित्य यांची ही जोडी तेव्हापासून या विषयात एकत्र नांदते आहे. त्यांच्यात कुरबुरीही तेव्हापासूनच आहेत.

१९६६ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन येथील इंग्रजीचे अध्यापक डार्टमथ महाविद्यालयात एका परिसंवादासाठी जमले. त्या परिसंवादावर आधारित पुस्तकात जॉन डिक्सन यांनी भाषा-अध्यापनाच्या तीन भूमिका वेगळ्या करून दाखवल्या.

१. कौशल्याची भूमिका : भाषा हे साधन आहे, ते बिनचूक वापरता आले पाहिजे.
२. सांस्कृतिक वारशाची भूमिका : भाषेतील श्रेष्ठ साहित्य पुढच्या पिढीकडे पोहोचले पाहिजे.
३. व्यक्तिविकासाची भूमिका : विद्यार्थी भाषेतून स्वतःच्या अनुभवाला आकार देतो, त्या वाढीला अध्यापनाने वाव दिला पाहिजे.

डिक्सन यांचा कल तिसऱ्या भूमिकेकडे होता. आपण मात्र ही विभागणी कोणत्याही भाषेच्या पाठ्यपुस्तकाला लावून पाहू शकतो. आपल्याकडील दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत गद्य, पद्य, स्थूलवाचन, भाषाभ्यास आणि उपयोजित लेखन असे विभाग असतात. यांपैकी कोणता विभाग कोणत्या भूमिकेतून आला असावा, याचा विचार करून पाहावा.

४.५ २०१० ची उद्दिष्टे

अमेरिकेत शालेय शिक्षण हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. संपूर्ण देशाला लागू असा एक अभ्यासक्रम तेथे नाही. राज्यांच्या राज्यपालांची संघटना आणि राज्यांतील शिक्षणप्रमुखांची परिषद यांनी मिळून २०१० मध्ये ‘कॉमन कोअर’ या नावाने ओळखली जाणारी सामाईक उद्दिष्टे प्रसिद्ध केली. ४० हून अधिक राज्यांनी ती स्वीकारली. पुढे काही राज्यांनी ती रद्द केली, तर काहींनी फेरफार करून वेगळ्या नावाने चालू ठेवली.

या उद्दिष्टांची मांडणी चार शाखांत आहे. वाचनाची १०, लेखनाची १०, भाषण व श्रवण यांची मिळून ६ आणि भाषाज्ञानाची ६, अशी एकूण ३२ पायाभूत उद्दिष्टे आहेत. तीच ३२ उद्दिष्टे प्रत्येक इयत्तेत पुन्हा येतात, पण त्यांची खोली वाढत जाते. नववी-दहावी आणि अकरावी-बारावी असे माध्यमिक स्तराचे दोन गट केले आहेत.

ही चढण समजण्यासाठी साहित्यवाचनाचे पहिलेच उद्दिष्ट पाहू. त्याचा आशय असा :

• सहावी : आपल्या विश्लेषणासाठी पाठ्यातील पुरावा देणे.
• सातवी : एकाहून अधिक पुरावे देणे.
• आठवी : सर्वांत बळकट पुरावा निवडून देणे.
• नववी-दहावी : भक्कम आणि सखोल पुरावा देणे.
• अकरावी-बारावी : वरील सर्व करून, पाठ्याने कोणती गोष्ट अनिश्चित ठेवली आहे तेही ओळखणे.

शेवटची पायरी विशेष लक्षात घ्यावी. अकरा-बारा वर्षांच्या शिक्षणानंतर विद्यार्थ्याकडून अपेक्षा आहे ती अधिक उत्तरे देण्याची नव्हे. लेखकाने उत्तर दिलेलेच नाही अशी जागा दाखवता येणे, हे प्रगल्भ वाचनाचे लक्षण मानले आहे. आपल्याकडे ‘मार्गदर्शका’तील तयार उत्तर पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला ही जागा कधीच सापडणार नाही.

स्वयंअध्ययन प्रश्न – १
(अ) मेगर यांनी सांगितलेली उद्दिष्टाची तीन अंगे कोणती?
(आ) २०१० च्या मांडणीत भाषण व श्रवण यांची पायाभूत उद्दिष्टे किती आहेत?
(इ) ‘विचारी वाचक घडवणे’ हे ध्येय आहे की उद्दिष्ट? का?

४.६ एका पाठाचे उदाहरण

२०१० च्या मांडणीत नववी-दहावीसाठी अमेरिकेच्या इतिहासातील काही महत्त्वाची भाषणे व लेख वाचण्याची अपेक्षा आहे. त्यांत अब्राहम लिंकन यांचे गेटिसबर्ग येथील भाषण येते. यादवी युद्धातील मृत सैनिकांच्या दफनभूमीच्या समर्पणप्रसंगी, १९ नोव्हेंबर १८६३ रोजी, ते केले गेले. ते सुमारे २७० शब्दांचे आहे. म्हणजे एका तासात दोनदा वाचून होते.

मोघम उद्दिष्ट : विद्यार्थी भाषणाचे महत्त्व जाणतील.

हे उद्दिष्ट समोर ठेवणारा शिक्षक युद्धाची पार्श्वभूमी सांगेल, लिंकन यांचे चरित्र सांगेल, आणि तास संपेल. विद्यार्थी ऐकतील, भाषणातील भाषेला मात्र कोणाचा हात लागणार नाही.

नेमके उद्दिष्ट : ‘समर्पित करणे’ या अर्थाचे इंग्रजी क्रियापद भाषणात ज्या ज्या ठिकाणी येते ती सर्व स्थळे विद्यार्थी शोधतील, प्रत्येक ठिकाणी कोण समर्पित होत आहे आणि कशाला, याची नोंद करतील, आणि या बदलामुळे भाषणाचा रोख कोठून कोठे सरकतो, ते एका परिच्छेदात लिहितील.

हे क्रियापद भाषणात सहा वेळा आले आहे. आरंभी राष्ट्र एका तत्त्वाला समर्पित आहे. मग जमिनीचा तुकडा समर्पित करायचा आहे. त्यानंतर वक्ता म्हणतो की, ते आपल्या हातातच नाही. शेवटी समर्पित व्हायचे आहे ते तेथे उभ्या असलेल्या जिवंत माणसांनी, अपुऱ्या राहिलेल्या कार्याला. शब्द तोच राहतो आणि त्याची जबाबदारी श्रोत्यांकडे येते. विद्यार्थ्याने ही वाट स्वतः शोधली की ‘भाषणाचे महत्त्व’ वेगळे सांगावे लागत नाही.

येथे व्याकरण, शब्दार्थ, साहित्य आणि लेखन एकाच उद्दिष्टात एकत्र आले आहेत. नेमकेपणा म्हणजे तुकडे पाडणे, असा समज असतो. तो खरा असलाच पाहिजे असे नाही.

४.७ जे मोजता येत नाही त्याचे काय?

२०१० च्या उद्दिष्टांवर अमेरिकेत मोठा वाद झाला. बारावीपर्यंत विद्यार्थ्याच्या वाचनात ३० टक्के ललित आणि ७० टक्के माहितीपर मजकूर असावा, असे प्रमाण त्यांत सांगितले होते. हे प्रमाण सर्व विषयांतील वाचन मिळून आहे, केवळ भाषेच्या तासाचे नाही, असा खुलासा त्याच दस्तऐवजात होता. तरीही साहित्य मागे पडेल, अशी भीती अनेक अध्यापकांना वाटली.

या भीतीमागील कारण समजून घेण्यासारखे आहे. जे मोजता येते त्याची परीक्षा होते. ज्याची परीक्षा होते ते शिकवले जाते. आणि उरलेले वर्गातून हळूहळू गळून जाते. लेखी परीक्षेत बोलणे मोजता येत नाही, म्हणून ‘भाषण’ हे कौशल्य कागदावर असूनही वर्गात क्वचितच दिसते. एखादी कादंबरी वाचून रात्रभर झोप न येणे, याला तर कोणताच निकष लावता येत नाही.

या अडचणीवर एलियट आइस्नर या कलाशिक्षणाच्या अभ्यासकाने १९६९ मध्ये एक वाट दाखवली. काही उद्दिष्टे निष्पत्ती सांगतात; काही उद्दिष्टांनी मात्र फक्त अनुभवाची संधी सांगावी आणि त्यातून प्रत्येकाला काय मिळेल ते मोकळे सोडावे. या दुसऱ्या प्रकाराला त्यांनी दिलेल्या नावाचा मराठी पर्याय ‘अभिव्यक्तिपर उद्दिष्टे’ असा करता येईल. उदाहरणार्थ, ‘विद्यार्थी आपल्या आवडीचे एक पुस्तक निवडतील, ते पूर्ण वाचतील आणि त्याविषयी वर्गात बोलतील’ हे असे उद्दिष्ट आहे. शिक्षकाची जबाबदारी येथेही आहे : वेळ देण्याची, पुस्तक हाती देण्याची आणि ऐकून घेण्याची. गुण देण्याची जबाबदारी मात्र नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते, पाठटाचणात या दोन्ही प्रकारांना जागा हवी. केवळ निष्पत्ती लिहिल्या तर भाषेचा तास कवायतीचा होतो. केवळ अनुभव म्हटले तर ज्या घरात पुस्तके नाहीत, ज्याची बोली पाठ्यपुस्तकाहून वेगळी आहे, अशा विद्यार्थ्यावर अन्याय होतो. कारण त्याने नेमके काय मिळवायचे आहे, हे त्याला कोणी सांगतच नाही. नेमके उद्दिष्ट हा या विद्यार्थ्याचा हक्क आहे, आणि अनुभवाची संधी हा सर्वांचाच.

४.८ समारोप

आपल्यापैकी काही जण शाळेत शिकवत असतील, काहींची मुले दहावीत असतील, आणि आपण सर्व जण तर स्वतःच स्वतःचे शिक्षक आहात. दूरशिक्षणात समोर अध्यापक नसतो. घटकाच्या आरंभी छापलेली उद्दिष्टे काही अंशी त्याचे काम करतात. आता ४.१ कडे पुन्हा वळावे. पहिल्या चार उद्दिष्टांची कसोटी आपण स्वतः घेऊ शकता. पाचवे उद्दिष्ट मात्र तसे नाही. मेगर यांच्या निकषावर ते टिकणार नाही, कारण ‘आस्था’ दिसत नाही. तरीही ते हेतुपुरस्सर ठेवले आहे. ते साध्य झाले की नाही, हे परीक्षकाला कळणार नाही; आपल्याला मात्र कळेल.

स्वयंअध्ययन प्रश्न – १ ची उत्तरे
(अ) विद्यार्थ्याची कृती, परिस्थिती आणि निकष. (आ) ६. (इ) ध्येय, कारण ते दूरचे व व्यापक असून एका पाठात साध्य होणारे किंवा तपासता येणारे नाही.

सरावासाठी स्वाध्याय
१. डिक्सन यांनी सांगितलेल्या तीन भूमिका आपल्या शालेय मराठी पाठ्यपुस्तकाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘विद्यार्थ्यांमध्ये वाचनाची आवड निर्माण करणे’ या विधानावर आधारित एक नेमके आणि एक अभिव्यक्तिपर उद्दिष्ट लिहा.
३. आपण नुकत्याच वाचलेल्या एखाद्या कथेत लेखकाने अनिश्चित ठेवलेली एक जागा शोधा आणि ती अनिश्चितता का असावी, याविषयी दहा ओळी लिहा.
४. क्षेत्रीय कार्य : जवळच्या शाळेतील भाषाशिक्षकांच्या संमतीने त्यांचे एक पाठटाचण पाहा. त्यातील एका उद्दिष्टाची कृती, परिस्थिती आणि निकष या तीन अंगांनी तपासणी करा, व आपले निरीक्षण त्यांच्याशी चर्चा करून नोंदवा.