राणीछाप रुपया पारखावा कसा

दिवाळीआधी लक्ष्मीपूजनाची नाणी डब्यातून निघतात आणि पहिला हात जातो चिंचेकडे. तिथेच थांबा. ओझरसारख्या गावातल्या जुन्या घरांत चांदीचे बंदे रुपये अजून सापडतात. चिंचेने, राखेने घासले की ते चकचकतात खरे, पण टाकसाळीची मूळ झळाळी कायमची जाते आणि जाणकार तेवढ्यावरून किंमत पाडतो. पूजेचे दोन-चार वेगळे काढा, त्यांना खुशाल हळदकुंकू वाहा. बाकीच्यांना पाणीसुद्धा लावू नका.

खिडकीपाशी सुती कापड अंथरून बसा. नाणे कडेने धरा. बोटांच्या घामाचे डाग चांदीवर राहतात. आधी छापाप्रमाणे वाटे घाला: व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा आणि सहावा जॉर्ज. मग सालाप्रमाणे लावा. १८६२ चे रुपये मात्र तेच साल ठेवून पुढे कित्येक वर्षे पाडले गेले.

आता भिंग घ्या आणि टाकसाळ शोधा. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर सालाच्या बाजूला तळाशी कमळ आहे. त्याखाली उठावाचा बारीक ठिपका दिसला तर नाणे मुंबईचे, नसला तर कलकत्त्याचे. व्हिक्टोरियाच्या पुष्कळ रुपयांवर खालच्या नक्षीत ‘बी’ किंवा ‘सी’ हे अक्षर असते. सहाव्या जॉर्जच्या शेवटच्या वर्षांत ‘एल’ दिसले तर लाहोर. अमेरिकेतले संग्राहक मॉर्गन डॉलर असेच टाकसाळीच्या अक्षरावरून लावतात. १९१८ च्या पिटमन कायद्याने तिथे सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले गेले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानात रुपये पाडायला आली. १९१८ ते १९२० चे रुपये हाती आले की माझे मन दर वेळी तिकडे धावते.

मग झीज पाहा. मुकुटाचे मोती, कान, दाढीचे केस या उंच जागा आधी घासतात. तिथली रेघन्‌रेघ शाबूत असेल तर नाणे उत्तम. १९११ चा रुपया निघाला तर राजाच्या झग्यावरचा हत्ती भिंगाखाली नीट बघा. आखूड सोंडेमुळे तो डुकरासारखा दिसला, लोक संतापले, बरीच नाणी परत घेऊन वितळवली आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारला.

सोनाराच्या काट्यावर वजन करा. पुरा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. १९४० पासून चांदी निम्मीच, पण वजन तेच. त्यामुळे साल वाचल्याशिवाय चांदीचा हिशेब धरू नका. रामदरबाराचे चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असे लिहिलेले नाणे कोणी दाखवले तर घेऊ नका. कंपनीने तसे नाणे कधी पाडलेच नाही.

माळेत ओवण्यासाठी रुपयाला लावलेल्या कडीचा डाग कानशीने काढू नका, नाणे आहे तसेच ठेवा. प्रत्येकाला वेगळे कागदी पाकीट, वर साल, टाकसाळ, वजन. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत हिरवट चिकटा धरतो. नांगराला लागलेला हंडा मात्र घरी ठेवायचा नसतो. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला १० रुपयांवरचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.