काट्याकडे बघ, मग नळ्यांना हात लाव

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, हीटर पूर्ण लावलाय तरी गार वाराच येतोय," आणि माझ्या पोटात गोळा आला. मिनियापोलिसमधली तुझी ही पहिलीच जानेवारी. पुण्यात गाडीला हीटर आहे की नाही हे कुणी बघतसुद्धा नाही. इथे उणे 25 सेल्सिअसला हीटर गेला की आपल्याच श्वासाची वाफ काचेवर आतून गोठते आणि समोरचा रस्ता दिसेनासा होतो. म्हणून हीटर नीट होईपर्यंत बसने जा, आणि गॅरेजवाला हीटर कोअर बदलायचा म्हणतोय त्याला लगेच हो म्हणू नकोस. तो चुकतोय असं मी म्हणत नाही. पण कशावरून म्हणतोय, हे तू त्याला विचारायला हवंस, आणि विचारायला आधी तुला कळायला हवं.

आजोळचा तांब्याचा बंब आठवतो ना? मधे जाळ, भोवती पाणी. इंजिन तसंच आहे. आत पेट्रोल जळतं आणि भोवती कूलंट फिरतं, म्हणजे अँटिफ्रीझ आणि पाणी साधारण निम्मं निम्मं. हे मिश्रण उणे 37च्या आसपासपर्यंत गोठत नाही. तेच गरम कूलंट दोन नळ्यांमधून डॅशबोर्डच्या मागे एका छोट्या रेडिएटरमध्ये येऊन परत जातं. तो छोटा रेडिएटर म्हणजे हीटर कोअर. पंखा त्याच्यावरून हवा ढकलतो आणि ती ऊबदार होऊन तुझ्या पायांशी येते. म्हणजे हीटर वेगळी उष्णता तयार करत नाही, इंजिनाची वाया जाणारी ऊब तेवढी आत आणतो. (बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांचं गणित निराळं, पण तुझी पेट्रोलचीच आहे.) तेव्हा प्रश्न तीनच: बंब तापतोय का, तापलेलं पाणी आतपर्यंत पोचतंय का, आणि हवा त्याच्यावरून जातेय का.

पहिल्याचं उत्तर तुझ्या समोरच असतं. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवल्यावर तापमानाचा काटा नेहमीच्या जागी, बहुतेक गाड्यांत मध्यावर, येतो का ते बघ. मी माझ्या पहिल्या हिवाळ्यात तेच बघितलं नव्हतं.

सेंट क्लाउडहून परत येत होतो. मागच्या सीटवर दोन वर्षांचं लेकरू. गावात सिग्नलला थांबलं की हवा जरा कोमट व्हायची, हायवेला लागलं की पुन्हा बर्फासारखी. त्याचा एक हातमोजा कुठेतरी पडला होता, आणि एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातात मी त्याची बोटं धरून बसले होते. तो तास मी अजून विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये सांगितलं, हीटर कोअर गेलाय, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, हजार डॉलरच्या वर खर्च. मी रडकुंडीला आले. संध्याकाळी शेजारच्या आजोबांनी मला एकच विचारलं, "काटा कुठे असतो?" मला आठवेना. गाडी काढून फिरवून आणली, तर काटा पाव भागाच्या वर सरकेचना.

तो थर्मोस्टॅट होता. ही एक लहानशी झडप. इंजिन गार असताना ती बंद राहते, म्हणजे कूलंट इंजिनातच फिरून लवकर तापतं. साधारण 82 ते 90 अंशांना ती उघडते आणि कूलंट पुढच्या मोठ्या रेडिएटरकडे जातं. माझी उघडीच अडकली होती, म्हणून हायवेच्या वाऱ्याने सगळं कूलंट गार होत होतं. आजोबांनी ती काढून माझ्या हातात दिली. खिडकीसमोर धरली तर पातळ चंद्रकोरीएवढ्या फटीतून चक्क उजेड दिसत होता. गार असताना तिथे फट असताच कामा नये. नवी झडप तीस डॉलरच्या आत आली.

झडप न काढताही हे तपासता येतं. गार इंजिन सुरू कर आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या जाड नळीला अधूनमधून हात लाव. बहुतेक गाड्यांत ती बराच वेळ गार राहते आणि झडप उघडली की एकदम गरम होते. पहिल्यापासूनच हळूहळू तापत गेली, तर झडप उघडी अडकली आहे असं समज. इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर कोडही वाचून घे. सुटे भाग विकणारी बरीच दुकानं ते फुकट करून देतात. पी 0128 निघाला तर संशय बहुधा इथेच.

काटा मध्यावर येतोय तरी वारा गारच, असं असेल तर कूलंट बघ. इंजिन पूर्ण गार असतानाच, हे मी तुला हात जोडून सांगते. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर आतला दाब उकळतं पाणी थेट तोंडावर फेकतो. टाकीवर कमी-जास्तीच्या दोन रेघा असतात, पातळी त्यांच्या मधे हवी. कमी कूलंटची खूण माझ्या गाडीच्या नेमकी उलट असते. थांबल्यावर वारा गार, ॲक्सिलरेटर दाबला की ऊबदार. कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही, तेव्हा कमी झालं म्हणजे कुठून तरी गेलंय. गाडीखाली डाग बघ. बाजूच्या सीटखालचा गालिचा दाबून बघ. तिथे ओल, गाडीत गोडसर वास आणि काचेवर आतून तेलकट थर, असं तिन्ही असेल तर हीटर कोअर खरंच गळतोय आणि गॅरेजवाला खरं सांगतोय. गाडी तापलेली असूनही मागून गोड वासाचा पांढरा धूर थांबत नसेल, किंवा इंजिन ऑइल दुधाळ दिसत असेल, तर गाडी चालवूच नकोस, टो करून ने. तिथे हेड गॅस्केटची भीती असते.

भरायचं कूलंट गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घे. रंगावर जाऊ नकोस, एकाच रंगात निरनिराळी मिळतात. पाणी डिस्टिल्ड. गळती बुजवायचं औषध बाटलीतून मिळतं, ते ओतू नकोस. गळतीबरोबर हीटर कोअरच्या बारीक नळ्याही बुजतात. आणि सांडलेलं कूलंट लगेच पूस. ते गोड लागतं आणि विषारी असतं. तुझ्या घरमालकिणीचा कुत्रा अंगणातच असतो ना.

भरताना आत हवा अडकली तरी हीटर गार राहतो. गाडीचं तोंड चढाकडे ठेव, झाकण गार असतानाच काढ, हीटर पूर्ण गरमवर, आणि इंजिन चालू दे. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तसतसं भरत राहा. हे उघड्यावरच कर, बंद गॅरेजमध्ये कधीही इंजिन चालू ठेवायचं नाही. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसला तरी तो जीव घेतो. मफलर काढून ठेव, केस बांध, मंगळसूत्र आत घाल. पुढचा पंखा केव्हाही आपणहून सुरू होतो.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. कूलंट पुरेसं आहे, काटा मध्यावर आहे, तर बॉनेट उघड, ज्याला इथे हूड म्हणतात, आणि इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून आत जाणाऱ्या दोन सारख्या नळ्या शोध. अंगठ्याएवढ्या जाडीच्या रबरी नळ्या असतात. गाडी तापलेली, हीटर पूर्ण गरमवर. हातमोजा काढ, पण नळी पकडू नकोस, बोटांच्या मागच्या बाजूने जेमतेम शिव. पोळीचा तवा तापलाय का बघताना जसा हात जवळ नेतो, तसा. एक गरम आणि दुसरी गारढोण, म्हणजे कोअर गाळाने तुंबलाय. तो उलट्या दिशेने हळू पाणी सोडून धुता येतो, जोर लावला तर फाटतो. पण बदलण्याआधी धुऊन बघायला सांगच. दोन्ही गार, म्हणजे गरम पाणी येतच नाही: कूलंट, अडकलेली हवा, वॉटर पंप, किंवा काही गाड्यांत त्या वाटेवरचा व्हॉल्व्ह.

आणि दोन्ही गरम असतील, तर हीटर कोअरला हात लावू देऊ नकोस. पाणी आत पोचतंय, हवाच वळत नाहीये. डॅशबोर्डच्या आत एक छोटी मोटर झडप फिरवून हवा गरम बाजूने किंवा गार बाजूने सोडते. ती मोटर बऱ्याचदा जाते. गाडीतलं गाणं बंद कर, पंखा कमी कर, गरम-गारचं बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरव आणि कान दे. डॅशबोर्डमागे टक-टक-टक आलं, किंवा काहीच हललं नाही, तर संशय तिच्यावर. काही गाड्यांत ती पायांपाशी सहज हाताला लागते, काहींत बरंच उतरवावं लागतं.

तू काल म्हणालीस ना, की ड्रायव्हरच्या बाजूला गार आणि पलीकडे जरा ऊब? तुझ्या गाडीला दोन बाजूंची दोन बटणं आहेत, म्हणजे बहुधा मोटरीही दोन. फोन ठेवल्यापासून माझं मन तिकडेच जातंय. पण कूलंट थोडं कमी असलं तरी काही गाड्यांत असंच होतं, म्हणून आधी पातळी.

शुक्रवारी रात्रीच इकडे ये. मी टो सांगते, गाडी रात्रभर आमच्या ड्राइव्हवेत राहू दे, सकाळपर्यंत इंजिन पुरतं गार होईल. चहा घेऊ, मग टॉर्च घेऊन बाहेर जाऊ आणि टाकीच्या रेघेपासून सुरुवात करू. नळ्यांना हात तूच लावायचास.