इंटेरिअरचं काम घेताय? आधी कागद, मग प्लायवूड



मोहोपाडा, रसायनी, चौक या पट्ट्यात नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला की घरात पहिला प्रश्न येतो, 'फर्निचर कोणाकडून करायचं?' तुमचा धंदा इथेच आहे. तुम्ही डिझायनर असा, सुतारकामाचा ठेका घेत असा किंवा प्लायवूड-हार्डवेअरचं दुकान टाकणार असा, ग्राहकाची भीती एकच असते: बचत तर लागली, आता शेवटचं बिल किती येणार?

एक गोष्ट लक्षात घ्या. 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. 'इंटेरिअर डिझायनर' म्हणवून घ्यायला तशी नोंदणी लागत नाही. मग ग्राहकाने विश्वास कशावर ठेवायचा? तुमच्या कागदावर. म्हणून हे चार मुद्दे.

१. आधी ऐका, मग मोजा

पहिल्या भेटीत कॅटलॉग उघडू नका. विचारा: घरात माणसं किती? आजी-आजोबा कुठे झोपतात? गाद्या-पांघरुणं कुठे ठेवता? गणपती कुठे बसतो? आपल्याकडे गणपतीची जागा विसरून हॉलभर टीव्ही युनिट केलं, तर भाद्रपदात घरची मंडळी तुमचीच आठवण काढतील!

पावसाचंही बघा. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल, तर आधी ती बंद करायला सांगा, मग कपाट. सिंकखाली आयएस ७१० चा मरीन प्लाय द्या, कोरड्या जागी आयएस ३०३ चालतो. शिक्का ग्राहकाला दाखवून घ्या.

२. एस्टिमेट वस्तूवार द्या

'पूर्ण घर इतक्या लाखात' असं तोंडी बोलू नका. समजा, कपाट ७ फूट उंच, ६ फूट रुंद. म्हणजे ४२ चौरस फूट. उदाहरणासाठी दर १,४०० रुपये धरू. झाले ५८,८०० रुपये. आता वर २ फुटांचा माळा आला, आणखी १२ चौरस फूट, म्हणजे १६,८०० रुपये. ग्राहकाला वाटतं माळा कपाटातच धरलाय, तुम्हाला वाटतं वेगळा. भांडण इथे सुरू होतं. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे माप, प्लायची जाडी, लॅमिनेट, बिजागरी-चॅनेलची कंपनी आणि जीएसटी धरून की वेगळा, हे लिहा. मधे काही वाढलं, तर आधी लेखी मंजुरी, मग काम.

३. पैसे टप्प्याने घ्या

एक साधी मांडणी अशी: ड्रॉइंग मंजूर झाल्यावर १० टक्के, माल येण्याआधी ४०, सांगाडे उभे राहिल्यावर ३०, लॅमिनेट झाल्यावर १५ आणि किल्ली परत देताना ५. असं केलं की तुमचा पैसा मालात अडकत नाही, आणि ग्राहकाच्या हातातही शेवटपर्यंत काहीतरी राहतं.

४. कमिशनचं उघड बोला

हा मुद्दा कुणी बोलत नाही, म्हणून मी दुकानदार म्हणून बोलतो. समजा, डिझायनरने फी फक्त ५,००० सांगितली आणि ३ लाखांच्या मालावर दुकानातून १० टक्के घेतले. म्हणजे ३०,००० रुपये. दुकानदार ते स्वतःच्या खिशातून देत नाही, दरात लावतो. म्हणजे ग्राहकाने डिझाइनचे ३५,००० दिले, पण त्याला ५,००० च माहीत. उद्या तो पनवेलला जाऊन तोच माल विचारेल. दर कमी निघाला की तुम्ही, दुकानदार आणि सुतार, तिघंही चोर ठरता! छोट्या बाजारपेठेत ही बातमी पसरायला एक हळदीकुंकू पुरतं.

त्यापेक्षा सरळ ३०,००० फी लावा आणि बिल ग्राहकाच्या नावाने थेट करा. फी मोठी दिसेल, दोन ग्राहक जातीलही. पण जो राहील, तो शेजारच्या फ्लॅटचं काम आणून देईल. कमी भांडवलात यापेक्षा स्वस्त जाहिरात नाही.

आजचा गृहपाठ: स्वतःच्याच घरातलं एक कपाट मोजा आणि त्याचं वस्तूवार एस्टिमेट एका पानावर लिहा. मग ते घरच्यांना वाचायला द्या. त्यांना न विचारता समजलं, तर तुमचा कागद तयार आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत!