राउटर दोन, पत्ता एक

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये नाहीतर डोंबिवली एमआयडीसीत ऑफिस चालवायचे, तर इंटरनेटची दुसरी लाइन घ्यायची पाळी कधी ना कधी येतेच. रस्ता खणताना केबल तुटते, ऐन शेवटच्या तारखेला जीएसटीचे रिटर्न अडकते आणि दुसऱ्या दिवशी मालक फोन फिरवतो. दोन राउटर शेजारी बसतात खरे; पण एक बंद पडला की कुणीतरी उठून एकेका संगणकाचा गेटवे बदलत हिंडतो. व्हीआरआरपी हे १९९८ पासूनचे खुले मानक नेमकी ही पायपीट वाचवते.

दोन्ही राउटर मिळून एक तिसरा, आभासी राउटर उभा करतात. संगणकांना फक्त त्याचा पत्ता ठाऊक असतो. ठाणे-कल्याण दरम्यान बिघाड झाला की धिमी लोकल जलद मार्गावर वळवतात, तिकीट तेच राहते, तसेच हे.

आधी राउटर तपासा. लाइनसोबत फुकट मिळालेल्या डब्यात ही सोय सहसा नसते. मायक्रोटिकच्या राउटरमध्ये ती आहे. जुन्या संगणकावर लिनक्स आणि कीपअलाइव्हड हे सॉफ्टवेअर टाकूनही काम भागते.

पहिल्या राउटरला १९२.१६८.१०.२ आणि दुसऱ्याला १९२.१६८.१०.३ हा पत्ता द्या. आभासी पत्ता १९२.१६८.१०.१. दोन्हीकडे गट क्रमांक एकच हवा, समजा १०. मुख्य राउटरची प्रायॉरिटी १५० ठेवा, राखीव राउटरची १००. मुख्य राउटर दर सेकंदाला ‘मी आहे’ असा निरोप पाठवतो. तो थांबला की साधारण साडेतीन सेकंदांत राखीव राउटर सूत्रे हाती घेतो. डीएचसीपीमध्ये गेटवे म्हणून १०.१ च लिहा. इथे सवयीने १०.२ लिहिले, तर बाकीची सगळी मेहनत वाया.

आता खरी गोम. केबल तुटते रस्त्यावर. राउटर मात्र ठणठणीत असतो आणि ‘मी आहे’ म्हणतच राहतो. राखीव राउटरला काहीच कळत नाही, ऑफिस ठप्प. म्हणून मुख्य राउटरने बाहेरचा एखादा पत्ता सतत पिंग करावा आणि उत्तर आले नाही तर स्वतःची प्रायॉरिटी ९० वर, म्हणजे राखीव राउटरच्या खाली, आणावी. काही राउटरमध्ये त्यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते. कंटाळा करू नका. माझ्या मते अर्धे काम हेच आहे. लाइन परत आल्यावर मुख्य राउटर लगेच ताबा घेऊ पाहतो, तिथे दोन-तीन मिनिटांचा विलंब ठेवा. नाहीतर लाइन येत-जात असताना राउटरांचा खो-खो सुरू होतो.

चालू असलेला व्हिडिओ कॉल मात्र बदलाच्या वेळी तुटतोच, कारण बाहेरचा आयपी बदलतो. तेवढे मालकाला आधीच सांगून ठेवा.

ऑफिस रिकामे झाल्यावर एका संगणकावर पिंग चालू ठेवा आणि मुख्य राउटरची वीज काढा. तीन-चार उत्तरे बुडाली तर ठीक. मग वीज देऊन फक्त बाहेरची केबल काढा. इथे थोडा जास्त वेळ लागेल. शेवटी खाली उतरून दोन्ही लाइन कुठून येतात ते डोळ्यांनी पाहा. त्या एकाच खांबावरून येत असतील, तर दुसरी लाइन बदलून घ्या.